मुलाखतीला तिघं लागतात

५ डिसेंबर, गुरुवार

आज नव्या सरकारचा शपथविधी झाला आणि आज मी ही वही सुरू केली. प्रशांतला वाटतं बायकोला राजकारणाचं वेड लागलं. तसं काही नाही. आमच्या कॉलेजातली भूगोलाची जागा भरायची परवानगी निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकली होती. सरकार बसलं की ती सुटणार, असं ऑफिसातले बजरंग भाऊसाहेब दोन महिने सांगताहेत. म्हणून सासूबाईंकडून रिमोट मागून घेतला आणि टीव्हीसमोर बसले.

सासूबाई, म्हणजे चांगुणाबाई, शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "यवढी मान्सं नवी कापडं घालून बसल्यात. ह्यातला तुजा पगार कोन देनार हाय?"

"आई, यांच्यातलाच एक शिक्षणमंत्री होईल."

"त्यो शिकल्याला असंल का?"

मी आवाज वाढवला.

पहिल्या पानावर स्वतःबद्दल लिहायची पद्धत आहे. मी दीपा साळवे, वय पस्तीस, एम.ए. भूगोल, नेट पास. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, दर जूनला संस्थेच्या सचिवांची नवी चिठ्ठी आणि दर एप्रिलला घरी. विषयाची कायमची जागा एकच. जुने सर निवृत्त झाले तेव्हापासून ती रिकामी आहे, पण फक्त कागदावर. वर्गात मीच असते. ती जागा मला हवी आहे आणि ती माझी आहे असं मला वाटतं.

८ डिसेंबर, रविवार

आतापर्यंत अकरा मुलाखती दिल्या, सगळ्या आमच्याच संस्थेच्या वेगवेगळ्या शाखांत. बाराव्या वेळी घाबरू नये म्हणून आज जुन्या आठवून पाहिल्या आणि भीतीऐवजी हसू आलं.

श्रीगोंद्याकडच्या मुलाखतीत संस्थेचे अध्यक्ष मी बसायच्या आधीच झोपले होते. मी नदीच्या खोऱ्यांबद्दल बोलत होते. मधेच ते दचकून उठले, हात वर केला आणि म्हणाले, "मंजूर, मंजूर!" शेजारच्या दोन संचालकांनी सवयीनं आपलेही हात वर केले. साहेबांना वार्षिक सभा चालू आहे असं वाटलं होतं. मला क्षणभर वाटलं, झालं आपलं काम. मग सचिव म्हणाले, "चहा मंजूर झालाय, मॅडम. घेऊन जा."

राहुरीकडे विषयतज्ज्ञांनी विचारलं, "मुळा धरण कोणत्या नदीवर आहे?" मी म्हटलं, "मुळा." त्यांनी समोरच्या कागदावर खात्री करून घेतली आणि म्हणाले, "बरोबर. प्रश्न अवघड होता."

नगरला एक संचालक पूर्ण वेळ फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमी भूगोलवाल्या ना? मंग सांगा, पंदरा दिसात पाऊस येतो का? माजा कांदा रानात पडलाय." मी हवामान खात्याचा अंदाज सांगितला. त्यांनी लगेच गड्याला फोन लावला आणि माझी मुलाखत संपली.

आणि एकानं माझी फाइल उघडीच ठेवून विचारलं होतं, "साळवे म्हणजे कोणते साळवे?"

"भूगोलाचे," मी म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

प्रत्येक मुलाखतीनंतर घरी येऊन मी एका छोट्या वहीत चुका लिहून ठेवते. आवाज चढतो. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते. साडी गडद होती. उत्तर लांबलं. पुढच्या वेळी तेवढं सुधारते. दर वेळी दुसरंच कुणीतरी निवडलं जातं, पण ते उमेदवारही मोठे आत्मविश्वासाचे असतात. जामखेडला तर एकाचे नातेवाईक जीप करून आले होते आणि मुलाखतीच्या आधीच पेढे वाटत होते. मलाही दिला. मला वाटलं वाढदिवस असेल.

राहुरीचे बन्सी सर मात्र दर वेळी भेटतात. पीएच.डी. आहेत, माझ्यासारखेच तासांवर. ते, मी आणि तिसरा कुणीतरी नवा. बजरंग भाऊसाहेब आम्हा दोघांना आठवणीनं फोन करतात, येण्याजाण्याचं भाडं देतात, जेवण केल्याशिवाय सोडत नाहीत. इतकी चौकशी काही प्रत्येक उमेदवाराची होत नसणार. माझ्याबद्दल संस्थेत मत चांगलं आहे.

१५ डिसेंबर, रविवार

मंत्रिमंडळ वाढलं. कुणाला कुठलं खातं मिळणार ते अजून ठरलेलं नाही. म्हणजे माणूस आधी निवडायचा आणि काम मागून शोधायचं. माझं नेमकं उलटं आहे.

यांच्या मुलाखती कोण घेतं? मला पॅनेलवर बसवलं असतं तर फार काही विचारलं नसतं. कर्जतला पाऊस कमी का पडतो, एवढंच. उत्तर आलं नाही तर चहा देऊन घरी पाठवलं असतं.

तरी मला आशा आहे, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

२ जानेवारी, गुरुवार

जाहिरात आली! आमच्या कॉलेजात भूगोल, कायमची जागा एक.

फॉर्म ऑनलाइन. जिल्ह्याच्या यादीत फक्त अहिल्यानगर, माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांवर अहमदनगर. भाऊसाहेब म्हणाले, धोका नको, दोन्ही जिल्हे एकच असल्याचं शपथपत्र जोडा. म्हणून आज कर्जतला जाऊन शपथेवर सांगितलं की नाव बदललं तरी जिल्हा हललेला नाही. स्टॅम्पवाल्यानं मला विचारलं, "मॅडम, तुमी काय शिकवता?" मी सांगितल्यावर त्यानं हसू दाबलं.

सासूबाईंना जाहिरात दाखवली. त्या म्हणाल्या, "एकच जागा? मंग जाहिरात कशाला? तू हायेसच की." त्यांना नियम कळत नाहीत.

१० जानेवारी, शुक्रवार

आज राहुरीकडच्या शाखेत बारावी मुलाखत झाली. मला वाटलं होतं, आपल्या जागेच्या आधी सराव होईल. तिसरा उमेदवार पांढऱ्या गाडीतून आला. त्याच्या फाइलला अजून दुकानाची किंमत चिकटलेली होती. आत तीन मिनिटं होता.

नंतर बन्सी सर आणि मी स्टँडसमोर चहाला थांबलो. मी वही काढून चुका लिहायला लागले. सरांनी विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला खरंच माहीत न्हाई?"

"काय?"

"एका जागेला तीन उमेदवार हजर पायजेत. तिघं नसले तर मुलाखत धरत न्हाईत. एक त्यांचा असतो. ऱ्हायले दोन." त्यांनी आधी स्वतःकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हणून भाडं देतात. म्हणून जेवण."

"मग तुम्ही कशाला येता?"

"न्हाई आलो तर जूनची चिठ्ठी येत न्हाई. पोरगी बारावीला हाय."

मी म्हटलं, "सर, मला वाटायचं आपण कमी पडतो."

"आपलं ऐकलंच कुणी हाय का आजवर, कमी पडायला?"

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. घरी आल्यावर ती चुकांची वही न्हाणीच्या चुलीत घातली. नऊ वर्षं मी आवाज खाली आणत होते, साड्या फिक्या घेत होते, कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हते. त्यांनी मला फसवलं याचा राग आहेच, पण त्यांच्यासाठी मी स्वतःला इतकी तासत बसले याचा त्याहून जास्त आहे.

११ जानेवारी, शनिवार

राग उतरलेला नाही. तरी मनात येतंच, आमच्या कॉलेजचं वेगळं असेल. तिथे मला सगळे ओळखतात.

१८ जानेवारी, शनिवार

वेगळं नाही.

सचिवांनी बोलावलं होतं. चहा, बिस्किटं, पंखा माझ्याकडे वळवलेला. म्हणाले, "दीपाताई, नवं सरकार आलंय आणि नव्याचे नऊ दिवस म्हणून जरा काटेकोर आहे. मुलाखतीचं सगळं चित्रीकरण करून पाठवायचं आणि तिन्ही उमेदवारांचं लेखी घ्यायचं, की मुलाखत नि:पक्षपाती झाली, तक्रार नाही. ते लेखी नसेल तर नेमणुकीला मान्यता नाही."

मी म्हटलं, "चांगलं आहे की."

"चांगलंच आहे. आता अडचण अशी की आपले कल्याणराव आहेत. आपल्या संचालकांचे जावई. एम.ए. झालेत, पण मधे दहा वर्षं सासऱ्यांचा पेट्रोल पंप पाहिला. कॅमेऱ्यापुढे अडखळले तर बरं दिसणार नाही. आठ दिवस त्यांची तयारी तुम्ही घ्या. तुमच्याइतकं चांगलं भूगोल आपल्याकडे शिकवतंय कोण?"

नऊ वर्षांत मी चांगलं शिकवते असं संस्थेतलं कुणी पहिल्यांदा बोललं, ते असं.

"आणि माझी मुलाखत?"

"तुम्ही थोडं कमी बोला. आठवत नाही म्हणा. जूनला तुमचे तास दुप्पट करतो, शब्द आहे माझा. बरं, कॅमेरावाला कुणी परका नको. शूटिंगची ऑर्डर तुमच्या प्रशांतलाच देऊ. घरातलाच माणूस."

प्रशांतचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. सध्या मुहूर्त नाहीत.

मी हो म्हणाले. कॅबिनमधून बाहेर आल्यावर कळलं की मी हो म्हणाले. कल्याणराव म्हणजे जुने सर गेल्यापासून जी खुर्ची मी रोज पुसून बसते, त्या खुर्चीवर बसणारा माणूस, आणि त्याला मीच तयार करायचं.

घरी सांगितलं. वाटलं प्रशांत चिडेल, ऑर्डर फेकून देईल. तो म्हणाला, "आपन शूटिंग करनार. ऑर्डर सोडायची न्हाई." मग लेन्स पुसत बसला. मी त्याला म्हटलं, तुला पाठीचा कणा नाही. तो म्हणाला, "बॅटऱ्या दोन लागतील."

आज पालकमंत्र्यांची यादी पण आली. वाचली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

कल्याणरावांचा तिसरा दिवस. चाळिशीचा, पोट सुटलेला, माझ्यापुढे शाळकरी पोरासारखा वहीपेन घेऊन बसतो. पहिल्या दिवशी मी ठरवून गेले होते, याला सगळं उलटं शिकवायचं. कर्कवृत्त दक्षिणेला ढकलायचं, गोदावरी अरबी समुद्राला मिळवायची, आणि कॅमेऱ्यापुढे हसं करायचं. फळ्यापाशी खडू घेऊन उभी राहिले आणि जमलं नाही. चुकीची नदी हातून निघेना.

आज पर्जन्यछाया घेतली. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात, पाणी पलीकडेच पडतं, आणि डोंगर उतरून आपल्याकडे येईस्तोवर हवा कोरडी आणि गरम होते, असं आकृती काढून सांगितलं.

तो फळ्याकडे बघत राहिला. "म्हंजी आमच्या कर्जतचं रान कोरडं ऱ्हातं, ते डोंगरामुळं?"

"हो."

"आमचा म्हातारा मरस्तवर म्हनायचा, आपल्या रानावर कुनाचा तरी कोप हाय. लई काय काय केलं त्यानं त्यापायी. अन् कुनाचा कोपबिप न्हवताच?"

"कुणाचाच नाही."

"एम.ए. करताना पाठ केलतं हे मी. पन कळलं आज." त्याचे डोळे भरले होते. मला तो माणूस अजिबात आवडायला नको आहे. उद्या वाऱ्यांचे पट्टे घ्यायचे आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

आज मुलाखतीची रंगीत तालीम झाली. विषयतज्ज्ञ बाहेरचे असतात, त्यांच्या जागी बजरंग भाऊसाहेबांना बसवलं. प्रश्न वाचताना भाऊसाहेबांना "अक्षांश" म्हणता येईना, म्हणून तो प्रश्नच काढून टाकला.

प्रशांतनं शूटिंग केलं. सवयीनं त्यानं आधी जेवणाची ताटं टिपली, मग सगळ्यांच्या चपला. अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, थोडं हसा. आता मॅडमकडं बघा. हात जरा खांद्यावर..." आणि एकदम थांबला. सचिव म्हणाले, "अरे, लग्न नाही हे!" अध्यक्षांना मात्र आवडलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा हसून दिलं.

बन्सी सरांचा नंबर आला तेव्हा त्यांनी तीन वेळा "आठवत नाही" म्हटलं. पीएच.डी.चा माणूस. सचिव म्हणाले, "उत्तम. फक्त जरा खरं वाटू द्या." माझा नंबर आला, मीही म्हटलं. तोंडाला चव राहिली नाही.

२९ जानेवारी, बुधवार

उद्या मुलाखत. आज वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमी आता पर्मनंट होनार ना? तुमच्या सासूबाईंनी दळनाच्या गिरनीत सांगितलं." मला आश्चर्य वाटलं. घरात तर त्या हल्ली या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. संध्याकाळी माझी गडद जांभळी साडी इस्त्री करून खुंटीला लावलेली दिसली. मी काढली नव्हती. चुकून काढली असेल कुणी.

३० जानेवारी, गुरुवार

सगळं नीट क्रमानं लिहिते, कारण यापुढे मला हे कुणाला तरी सांगावं लागणार आहे.

जांभळी साडीच नेसून गेले. आधी कल्याणराव आत गेले. दारातून ऐकू येत होतं. पर्जन्यछाया त्यांनी सुंदर सांगितली, माझ्याच वाक्यांत. मग बन्सी सर गेले आणि त्यांना काही आठवलं नाही.

मग मी. अध्यक्ष, सचिव, दोन संचालक, आणि नगरहून आलेले विषयतज्ज्ञ. हे म्हातारे गृहस्थ तालमीला नव्हते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. कोपऱ्यात प्रशांत आणि त्याचा कॅमेरा. सचिवांनी ठरलेला पहिला प्रश्न विचारला. "पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?"

ठरलेलं उत्तर दोन शब्दांचं होतं. ते तोंडापर्यंत आलं. समोर चार माणसं माझ्या "आठवत नाही"ची वाट बघत होती, आणि मला एकदम वाटलं, मला तर सगळं आठवतंय. श्रीगोंदा आठवतंय, जामखेडचा पेढा आठवतोय, ते "कोणते साळवे" आठवतंय.

मी उठले आणि फळ्याकडे गेले. सह्याद्री काढला. ढग चढवले, पाणी कोकणात पाडलं, कोरडी हवा कर्जतला उतरवली. खरं तर एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी सीना नदी घेतली, आमच्या तालुक्याची माती घेतली, विहिरी कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत ते घेतलं. आवाज चढला होता. डोळ्यांत बघून बोलत होते.

सचिव खोकले. मग प्रशांतला हातानं खूण केली, बंद कर. प्रशांत वाकून कॅमेऱ्याशी खटपट करायला लागला. "बटन अडकलंय साहेब. बंदच व्हईना." नेमका आज अडकला! दिवाळीतच त्याला सांगितलं होतं की हा डबा विकून नवा घे. सचिवांनी दोनदा खूण केली, दोनदा त्यानं बटण अडकल्याचं सांगितलं, आणि तो लाल दिवा काही विझला नाही. विषयतज्ज्ञ म्हणाले, "अडकू द्या. मॅडम, तुम्ही चालू ठेवा." त्यांनी सात प्रश्न विचारले. मी सातांचीही उत्तरं दिली. अध्यक्ष सबंध वेळ जागे होते.

निकाल लगेच लावला. कल्याणराव निवडले गेले. विषयतज्ज्ञांनी आपला कागद जोरात मिटला आणि चहा न घेता गेले.

मग भाऊसाहेबांनी तो छापील कागद पुढे ठेवला. "मुलाखत नि:पक्षपातीपणे झाली असून माझी कोणतीही तक्रार नाही." कल्याणरावांनी सही केली. बन्सी सरांनी सही केली, माझ्याकडे न बघता. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "करून टाका मॅडम, जूनचं बघा." मी पेन घेतलं. "नाही" हा शब्द खोडला, त्यावर "आहे" लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही पण केली.

सचिव म्हणाले, "हे काय केलंत?"

मी म्हटलं, "लेखी दिलं."

घरी येताना प्रशांत गाडीवर हसत होता. कॅमेरा बिघडला म्हणून हसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

३१ जानेवारी, शुक्रवार

अपेक्षेप्रमाणे. प्राचार्यांनी सांगितलं, वेळापत्रक बदललंय, तुमचे तास दुसऱ्यांकडे दिलेत. कोणाकडे ते सांगितलं नाही. खुर्ची पुसायचं फडकं माझं होतं, ते घेऊन आले.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता घरात हात लागंल." पण भाकरी त्यांनीच थापल्या आणि मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. माझ्यावर रागावल्यात बहुतेक.

दुपारी भीती वाटली, तीही लिहून ठेवते. तास गेले, जूनची चिठ्ठी येणार नाही, तालुक्यात दुसरं कॉलेज मला उभं करणार नाही. एका शब्दासाठी एवढं करायला हवं होतं का? संध्याकाळपर्यंत विचार केला. हवं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कल्याणराव घरी आले. सचिवांनीच पाठवलं असणार. "मॅडम, तुमच्या त्या कागदापाई माजी ऑर्डर अडकली. मेव्हने रोज टोमने मारत्यात. खोडून द्या ना."

"नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक इचारू? डोंगर वलांडून हवा कोरडी व्हती ना? मंग पार तिकडं विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो कसा?"

चांगला प्रश्न होता. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे काढून दाखवले. तास कसा गेला कळलं नाही. जाताना ते म्हणाले, "जागा तुमचीच हाय मॅडम. मला ठावं हाय."

"मग तसं लिहून द्या."

ते चप्पल घालून गेले. सासूबाई कप उचलत म्हणाल्या, "त्याच्या चात साखर घातली नव्हती म्या."

२० फेब्रुवारी, गुरुवार

सरकारी कार्यालयातून पत्र आलं! "आपण नोंदवलेल्या तक्रारीच्या अनुषंगाने" मंगळवारी नगरला सुनावणी. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं आहे. संस्थेनं माझा कागद चित्रीकरणासकट पुढे पाठवला असणार, त्याशिवाय फाइल हलत नव्हती. नवं सरकार खरंच ऐकतंय. मी डिसेंबरात आशा आहे असं लिहिलं होतं, ते चुकलं नव्हतं म्हणायचं. पत्र प्रशांतला दोनदा वाचून दाखवलं. बन्सी सरांना फोन केला नाही. त्यांची सही मला अजून गिळवत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळच्या एसटीनं नगर. तिथून रिक्षानं कार्यालय. व्हरांड्यात दीड तास बसवलं, मग आत बोलावलं. साहेब तरुण होते, नीट बोलणारे. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

म्हणाले, "मॅडम, चित्रीकरण मी पूर्ण पाहिलं. एकूण एक्केचाळीस मिनिटं तुम्ही बोलताय. पर्जन्यछाया मला शाळेत कधी कळली नव्हती, आत्ता कळली. तुमची तक्रार रास्त आहे."

मला फार बरं वाटलं. मी थँक्यू म्हटलं.

त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "मग इथे एक सही करा."

वाचला. "शासनाने माझे म्हणणे ऐकून घेतले असून शासनाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही."

"साहेब, संस्थेवर कारवाई काय होणार?"

"आम्ही संस्थेला पत्र देणार. त्यांनी चौकशी करून आम्हाला कळवायचं."

"चौकशी कोण करणार?"

"सचिव."

"आणि ही सही झाली की?"

"फाइल बंद होईल. मग त्या गृहस्थांच्या नेमणुकीला मान्यता देता येईल. तुमची तक्रार संस्थेविरुद्ध आहे ना, मॅडम? शासनाविरुद्ध तर नाही? मग सही करायला हरकत काय?"

"आणि नाही केली तर?"

त्यांनी मान खाजवली. "तर फाइल उघडी राहते. जागा तशीच रिकामी राहणार. त्यांना नाही, तुम्हालाही नाही. नवं सरकार आहे, मॅडम, जरा सहकार्य करा."

मी खिडकीबाहेर बघितलं. खाली गेटवर मोठा फलक लागला होता, शंभर दिवसांचा संकल्प, पारदर्शक कारभार. सरकारला मी डिसेंबरपासून सांभाळून घेतलं होतं. टीव्हीसमोर बसले, सासूबाईंशी वाद घातला, शपथेवर जिल्हा एकच आहे म्हणून सांगितलं. आणि हा माणूस मला पाणी पाजून तोच कागद पुढे करत होता. संस्थेचा कागद निदान पुसट छापलेला होता, हा कडक होता.

"पेन देता का?" मी विचारलं.

त्यांनी दिलं. चांगलं पेन होतं. मी "नाही" खोडलं, वर "आहे" लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. खाली मोठी सही आणि तारीख.

साहेबांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. रागावले नाहीत, दमल्यासारखे दिसले. "आता मला तुम्हाला पुन्हा बोलवावं लागणार. पुन्हा फॉर्म, पुन्हा सही. असं किती दिवस चालायचं, मॅडम?"

"माझ्या निवृत्तीला अजून पंचवीस वर्षं आहेत, साहेब," मी म्हटलं आणि त्यांचं पेन परत दिलं.